खाटेएवढं ऊन

वनिता उरकुडेने गच्चीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. सवयच तशी. चंद्रपुरात एप्रिलच्या भर दुपारी गच्चीला हात लावला तर तळव्याला फोड येतो, हे तिला कळत्या वयापासून ठाऊक. पण फोड आला नव्हता. तिने पुन्हा हात टेकवला, या खेपेला सबंध तळवा. मग चपला काढल्या आणि उघड्या पायांनी उभी राहिली. डोक्यावर चव्वेचाळीस अंशांचं ऊन रणरणत होतं आणि पायाखाली माठाच्या बुडासारखा गारवा होता.

"अहो," तिने जिन्यात वाकून हाक मारली, "वर या बरं. आणि चप्पल खालीच ठेवा."

तिचा नवरा मुरलीधर कोळशाच्या खाणीत तीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस. जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्याच्याकडे एक खोचक शेरा तयार असायचा. तो वर आला, त्याने पांढऱ्याशुभ्र लेपावर पाय ठेवला आणि शेरा काही निघाला नाही. नुसता उभा राहिला. मग डोक्याला दुपट्टा बांधलेला तसाच, भर उन्हात मांडी घालून खाली बसला.

"बाप्पा," बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "हे तर देवळातल्या फरशीवानी आहे."

ही गोष्ट २०४१ सालच्या उन्हाळ्यातली. सरकारच्या 'शीतछत' अनुदानातून सुतार गल्लीतल्या त्रेचाळीस घरांच्या छतांना नुकताच हा लेप लागला होता. लेप सरकारचा, लावणारी माणसं सरकारची, खोलीतलं तापमान मोजणारी भिंतीवरची डबीही सरकारची. अट एकच होती, पण मोठी जड. गल्लीतली सगळी घरं आली तरच अनुदान. एकाने जरी नाही म्हटलं तरी कुणालाच नाही.

आता त्रेचाळीस घरांचं एकमत करायचं म्हणजे काय, ते गल्लीत राहिलेल्यालाच विचारा. कुणाला सरकारी माणूस घरात नको, कुणाला पांढरा रंग नको, कुणाचा भाऊ नागपूरला, त्याची सही नाही. वनिताने अख्खी थंडी या कामात घालवली. दारोदार फिरली, नको असलेले चहा प्यायली, नको ते ऐकून घेतलं. इतकंच काय, गल्लीच्या मध्यावर राहणाऱ्या शकुनबाई मडावीच्या दारातही गेली. शकुनबाईशी तिचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. कारण विचाराल तर बकरी. शकुनबाईची बकरी एकदा वनिताच्या गच्चीवर चढली होती आणि सूपभर मूगवड्या खाऊन गेली होती. शकुनबाई म्हणाली, माझी बकरी तसली नाही. झालं, तिथून जी तोंडं फिरली ती फिरली. वनिताने कागद पुढे केला, शकुनबाईने एक अक्षर न बोलता सही केली आणि दार लावून घेतलं.

एवढी वणवण कशासाठी, ते वनिता बोलून दाखवत नव्हती, पण गल्लीला माहीत होतं. तिची एकुलती एक लेक पूर्वा नाशिकला दिलेली. दोन वर्षांपूर्वी पहिल्या खेपेला ती सातव्या महिन्यात माहेरी आली. त्या आठवड्यात पारा अठ्ठेचाळिसावर होता. सगळं शहर एकदम एसी लावायचं, म्हणून दुपारची वीज तासन्‌तास जायची. पूर्वाला ऊन लागलं आणि पोटातलं बाळ गेलं. वनिताला कुणी बोल लावला नाही. तिने स्वतःच लावला, रोज लावला. आता पूर्वाला पुन्हा दिवस गेले होते आणि तिला बाळंतपणाला माहेरीच यायचं होतं. विहीणबाई काही वाईट नव्हत्या. पण त्यांनी आणि डॉक्टरांनी मिळून एक आकडा सांगितला होता. खोली दिवसरात्र तीस अंशांच्या आत राहिली पाहिजे. मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तसं दिसलं तर पाठवू, नाहीतर नाही.

म्हणून वनिताला त्या दिवशी गच्चीवरून खाली येववेना.

*

गल्लीची जबाबदारी स्वरा केळुसकर नावाच्या मुलीकडे होती. अठ्ठावीस वर्षांची, कुडाळची. चंद्रपूरच्या उन्हाला ती इतकी बिचकायची की दर घरी आधी पाणी मागायची आणि मग नमस्कार करायची. ती डब्या तपासायला आली तेव्हा वनिताने तिला वर नेलं आणि सरळ विचारलं, "बाई, मले एक सांग. एवढं ऊन पडून राहिलं, ते जाते कुठं?"

स्वरा हसली. हा प्रश्न तिला आवडलेला दिसला.

"वर जातं, काकू. बघा, या लेपावर पडलेल्या उन्हाचे शंभरातले सत्त्याण्णव भाग तो आल्या पावली परत पाठवतो. ते थोडंफार चुनाही करतो. खरी गंमत पुढे आहे. तुम्ही, मी, ही भिंत, प्रत्येक वस्तू सतत उष्णता बाहेर टाकत असते. तो एक प्रकारचा उजेडच असतो, फक्त डोळ्यांना दिसत नाही. तो वर निघतो, पण हवेतली वाफ आणि इतर वायू त्याला अडवतात आणि बराचसा परत खाली ढकलतात. मात्र त्या उजेडात एक अरुंद पट्टा असा आहे, जो हवेला अडवताच येत नाही. बंद दाराला एखादी फट राहावी तसा. हा लेप आपली सगळी उष्णता बरोबर त्या फटीतून टाकतो. ती हवेच्या पार जाते, थेट अवकाशात."

"तिकडं गार असते?"

"शून्याच्या खाली दोनशे सत्तर अंश."

वनिताने वर पाहिलं. आभाळ पांढरंफटक होतं, रोजच्यासारखंच. तिला वाटलं, आजवर आपण या आभाळाला नुसती भट्टी समजत होतो, आणि भट्टीच्या मागे एवढी थंडी भरून राहिलेली आहे. आपल्या गच्चीला तिच्याकडे जाणारी वाट सापडली आहे.

"म्हणजे माझ्या घराची आग चांदण्यांत जाऊन राहिली," ती हळू म्हणाली.

"चांदण्यांच्याही पलीकडे. आणि परत येत नाही." स्वराने गच्चीवर हात फिरवला. "चार वर्षं झाली मला या कामात, पण अजून दर वेळी हात लावून बघते. एक छत गार झालं तर एक खोली सुधारते. पण त्रेचाळीस छतं सलग गार झाली तर गल्लीची हवाच बदलते. गार हवा जड असते. ती छतावर साचते, पन्हळीतून खाली उतरते आणि घराघरात शिरते. म्हणून तर सगळ्यांची अट."

"आणि खोली किती होईल?"

"बाहेर सत्तेचाळीस असताना आत एकोणतीस. हिशोब तसा सांगतो."

एकोणतीस. वनिताने त्याच दिवशी पूर्वाला फोन लावला आणि आकडा सांगितला. फोनवर पूर्वाचं रडणं ऐकू आलं.

*

आणि मग कुरडया आल्या.

चैत्र-वैशाखात वाळवण नाही ते घर कसलं? तीन दिवस गहू भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, रात्रभर बसू द्यायचा, पहाटे घाटायचा आणि गरम आहे तोवर सोऱ्याने पाडायचा. वनिताच्या कुरडया गल्लीत नावाजलेल्या. पूर्वाच्या सासरीही दरवर्षी डबा जायचा. यंदा तर जायलाच हवा होता. वनिताने सवयीने कापड गच्चीवर अंथरलं, दीडशे कुरडया पाडल्या आणि खाली आली.

संध्याकाळी वर गेली तर कुरडया जशाच्या तशा. ओल्या, लिबलिबीत. दुसऱ्या दिवशी तिने खाट वर नेली आणि त्यावर घातल्या. पण कठड्याच्या आत गुडघाभर गार हवा साचलेली, खाट त्या हवेत बुडालेली. तिसऱ्या दिवशी सगळ्या कुरडयांना आंबूस वास आला. चंद्रपूरच्या एप्रिलमध्ये कुरडई वाळली नाही, हे तिने कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं असतं.

माठाच्या बुडासारख्या गारव्यावर वनिता कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि तिला चक्क राग आला. मग तिची नजर कोपऱ्यातल्या डब्याकडे गेली. मागे गच्ची गळत होती तेव्हाचं डांबर उरलं होतं. तिने इकडेतिकडे पाहिलं. खाटेएवढीच तर जागा. एवढ्या मोठ्या गल्लीत खाटेएवढ्या जागेने काय होणार? तिने एक सबंध चौकोन काळा करून टाकला. पुन्हा गहू भिजवून पाडलेल्या कुरडया त्या चौकोनावर दुपारपर्यंत खडखडीत वाळल्या.

मुरलीधरने चौकोन पाहिला. "सगळ्या गल्लीले व्याख्यान देऊन आली अन्‌ घरी हे करून राहिली?"

"तुम्ही गप बसा. अन्‌ खाताना मोजून खाजा."

*

पण एकोणतीस काही होईना. एप्रिल संपत आला तरी भिंतीवरची डबी पस्तीस दाखवत होती. कधी छत्तीस. पूर्वीच्या बेचाळिसापेक्षा बरं, लोक खूश होते, पण वनिताच्या जिवाला घोर लागला. रोज संध्याकाळी पूर्वाचा फोन यायचा.

"आई, आज किती?"

"साडेपस्तीस."

"होईल ना कमी?"

"होईल. ती मुलगी म्हणते, वेळ लागते."

ती मुलगी तसं म्हणत नव्हती. ती मुलगी चक्रावली होती. दोनदा येऊन तिने लेपाच्या नोंदी पाहिल्या, भिंती तपासल्या, डब्या बदलल्या. गच्चीवर यायचं म्हणाली की वनिता तिला आधी खाली जेवायला बसवायची आणि मग उन्हाचं कारण काढून घालवून द्यायची. शेवटी स्वराने उपग्रहाकडून गल्लीचं उष्णताचित्र मागवलं आणि एका सकाळी आठ वाजता सगळ्यांना समाजभवनात बोलावलं.

भिंतीवर चित्र उमटलं तेव्हा सगळे पुढे झुकले. आकाशातून पाहिलेलं आपलं शहर. सगळीकडे नारिंगी, पिवळं, पेटलेलं, आणि त्या आगीच्या मधोमध एक काळी पट्टी, गार, शांत. सुतार गल्ली. इतक्या उंचीवरून ती ओळखू येत होती, नाव लिहिल्याशिवाय. हे आपण केलं, वनिताला वाटलं. दारोदार फिरून, चहा पिऊन हे आपण केलं.

"आता जवळून बघा," स्वरा म्हणाली आणि चित्र मोठं केलं.

काळ्या पट्टीत ठिपके होते. लहान, चौकोनी, लखलखीत. जवळजवळ छतागणिक एक.

"प्रत्येक ठिपका सत्तर अंशांच्या वर आहे. त्यावरून गरम हवेचा लोट वर उसळतो आणि भोवतीची गार हवा ढवळून टाकतो. गार हवा खाली उतरण्याआधीच संपते. म्हणून आपलं घोडं पस्तिसावर अडलंय." स्वराने कागद पुढे ओढला. "लेप लावणाऱ्या माणसांनी प्रत्येक छतावर जागा सोडली आहे. मुद्दाम. मी आज त्यांची लेखी तक्रार करणार आहे. त्या आठही जणांना कामावरून काढतील, पण माझा नाइलाज आहे."

वनिताला ते आठ जण आठवले. भर उन्हात ओणव्याने लेप लावणारे. त्यांना तिने ताक पाजलं होतं. ती उठून उभी राहिली.

"त्याहिनं काही नाही केलं," ती म्हणाली. "शेवटच्या घरावरचा चौकोन माझा आहे. डांबर मीच फासलं, कुरडयांसाठी. माझ्यामुळं झालं हे." मग तिला पुढचं सुचलं. "पण एक कळत नाही. बाकीचे कुणाचे?"

मागून एकीने हात वर केला. मग दुसरीने. कुणी काळी ताडपत्री चिकटवली होती, कुणी जुना तवा-पत्रा ठेवला होता, कुणी चुलीची काजळी फासली होती. प्रत्येकीने काहीतरी कारण काढून स्वराला गच्चीपासून लांब ठेवलं होतं; प्रत्येकीला वाटलं होतं की आपण एकटीच, आणि खाटेएवढ्या जागेने काय होणार. शेवटी धोटे मास्तरांनी हात वर केला. त्यांची बायको जाऊन तीन वर्षं झाली होती.

"उडदाचे पापड," मास्तर खाली मान घालून म्हणाले. "तिच्याच हातासारखे जमतात का, पाहून राहिलो होतो."

त्रेचाळिसातले बेचाळीस. उरलेलं घर कुलूपबंद होतं. हसू फुटलं आणि ते थांबेना. स्वरा तेवढी हसत नव्हती. ती डोकं धरून बसली होती.

"आता चौकोन काढावे लागतील. सगळे," ती म्हणाली. "वाळवण बंद."

हसू थांबलं. तेव्हा शकुनबाई मडावी बोलली. सहा वर्षांत वनितासमोर पहिल्यांदा.

"बंद कायले? लग्नघरी कसं करतो आपण? सगळ्या बाया एकाच ठिकाणी जमतो, एकाच छतावर घालतो. तसंच करू. एकच मोठं काळं छत ठेवू, बाकी सगळे पांढरे."

"एवढं मोठं तापलेलं छत?" स्वरा म्हणाली. "त्याने तर अजून..." आणि थांबली. तिने टॅबलेट पुढे ओढला. बोटं भराभर चालू लागली. दोन-तीन मिनिटं गेली. तिने आकडे बदलले, पुन्हा चालवलं, मग तिसऱ्यांदा चालवलं. वर पाहिलं तेव्हा तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

"हे मला कधी सुचलं नसतं," ती म्हणाली. "बेचाळीस ठिकाणी थोडी थोडी आग असली तर ती हवा नुसती ढवळते. पण सगळी आग एका ठिकाणी आणली, आणि तेही गल्लीच्या उताराच्या टोकाला, तर तिची चूल होते. चूल जशी खालून हवा ओढून धुराड्यातून वर सोडते, तसं ते छत गल्लीभरची हवा आपल्याकडे ओढेल. छतावरची गार हवा मग साचून राहणार नाही, वाहील. या टोकापासून त्या टोकापर्यंत." तिने टॅबलेट सगळ्यांकडे वळवला. निळ्या रेषा गल्लीतून नदीसारख्या वाहत होत्या. "वारा. भर दुपारी, आपला स्वतःचा. खोल्या अठ्ठावीस."

"अन्‌ वाळवण बंद करून नुसते चौकोन काढले तर?" कुणीतरी विचारलं.

"बत्तीस. वारा नसेल ना."

"ते टोकाचं छत कोणाचं लागंल?" शकुनबाईने विचारलं, पण उत्तर तिला ठाऊक होतं. सगळ्यांनाच होतं. उतार संपतो तिथे एकच घर होतं.

"उरकुडे काकूंचं," स्वरा म्हणाली.

"आणि त्या घरात?" वनिताने विचारलं.

स्वराने टॅबलेट खाली ठेवला. मग म्हणाली, "पूर्वी होतं तसं, काकू. कदाचित दोन अंश जास्तच."

वनिताला सगळं लख्ख कळलं. बत्तीस झालं तर पूर्वा कुठल्याच घरात येणार नाही. अठ्ठावीस झालं तर गल्लीतल्या प्रत्येक घरात येऊ शकते, फक्त तिच्या आईच्या घरात नाही. आणि लेकीला बाळंतपणाला बोलावून दुसऱ्याच्या घरी ठेवा म्हणून कोणत्या तोंडाने सांगणार? तिने मुरलीधरकडे पाहिलं. त्याने शेरा न मारता मान डोलावली, हलकेच.

"घ्या माझं छत," ती म्हणाली. "माझी येवो की न येवो. या गल्लीतलं कोणाचंच लेकरू आता उन्हानं जाऊ नये."

आणि ती कुणाकडे न पाहता बाहेर पडली.

*

त्या संध्याकाळी दारावर थाप पडली. शकुनबाई उभी होती, हातात सूप. सुपात मूगवड्या होत्या, काठोकाठ.

"बकरीनं खाल्ल्या होत्या," ती म्हणाली. "माझ्याच बकरीनं. तिच्या तोंडाले डाळ लागलेली मी पाह्यली होती."

वनिताने सूप घेतलं. "मंग सहा वर्षं बोलल्या कामून नाही?"

"पहिल्या दिवशी नाही म्हटलं ना. मंग रोज नाहीच म्हणावं लागलं." शकुनबाई उंबऱ्यावरच बसली. "माझी मधली खोली रिकामी आहे. सून-पोरगा हैदराबादले गेल्यापासून. पूर्वा तिथं राहील. तू स्वयंपाक इथं कर नाहीतर तिथं कर, तिले न्हाऊमाखू घाल, मी मधात येत नाही. लोक म्हणतील, उरकुडेच्या पोरीचं माहेर मडावीकडं. म्हणू दे ना. मी पोरीले नऊवारी घेईन."

वनिता रडली. दारातच, सूप मांडीवर घेऊन, अगदी मोकळी रडली. मुरलीधर आतून पाणी घेऊन आला आणि ते दोघींपैकी कुणाला द्यावं हे न कळून मधेच ठेवून गेला.

*

तीन दिवस काम चाललं. स्वराने कागदावर 'प्रयोग' असा शेरा मारून वरून परवानगी आणली होती. आठही माणसं पुन्हा आली, बाकीचे एक्केचाळीस चौकोन पांढरे झाले, आणि वनिताचं छत या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत काळंकुट्ट झालं. पहिल्या दिवशी तिने घरात पाऊल टाकलं तर आत भाजून निघालं. मुरलीधर म्हणाला, "खाण सोडली म्हणून वाटत होतं, अन्‌ खाण इथंच आली." त्याचा शेरा परत आला म्हणून तिला बरं वाटलं.

मेच्या दोन तारखेला दुपारी एक वाजता बायका गल्लीत जमल्या. बाहेर शहरात सेहेचाळीस होतं. पानही हलत नव्हतं. स्वरा हातात एक पिसं बांधलेला दोरा धरून उभी होती, लोक हसत होते. मग दोरा हलला.

आधी शकुनबाईच्या दाराचा पडदा आत-बाहेर झाला. मग गल्लीच्या वरच्या अंगाला वाळत घातलेली लुगडी एका बाजूला झुकली. आणि मग तो आला. दुपारच्या झळा चंद्रपुराला ठाऊक, वावटळ ठाऊक, पण हा वारा कुणाला ठाऊक नव्हता. गार, संथ, घोट्यापासून वर चढत येणारा. तो गल्लीतून चालत आला, दारादारात डोकावला आणि उताराला लागून वनिताच्या घराकडे गेला. तिथे काळ्या छताच्या कडेने वर चढला आणि आभाळात निघून गेला. धोटे मास्तरांनी टोपी काढली. स्वरा रडत होती आणि हसत होती. शकुनबाईने दोन्ही हात पुढे केले, पाण्यात धरावेत तसे.

"कुठून येऊन राहिला हा?" तिने विचारलं.

"आभाळाच्या पलीकडून," वनिता म्हणाली.

शकुनबाईच्या मधल्या खोलीतल्या डबीवर अठ्ठावीस होते.

पाच तारखेला पूर्वा आली. स्टेशनवरून रिक्षा गल्लीच्या वरच्या टोकाला थांबली. ती खाली उतरली, दोन पावलं चालली आणि थबकली. चेहऱ्यावर वारा लागला होता. तिने शेजारी उतरलेल्या आईकडे पाहिलं आणि नकळत पोटावर हात ठेवला. आईच्या घराकडे न जाता मधल्या घराशी थांबायचं, हे तिला फोनवर सांगितलं होतं. उंबऱ्यावर शकुनबाई भाकरतुकडा आणि पाणी घेऊन उभी होती.

*

मेच्या तेवीस तारखेला मुलगी झाली. दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी घरी आणली. वनिताचा दिवस आता दोन घरांत वाटला गेला होता. पहाटे पूर्वाचं तेल-पाणी, मग डिंकाचे लाडू, मग साडेअकराला वर गच्चीवर. बेचाळीस घरांचं वाळवण तिच्या छतावर असायचं. पापड, सांडगे, मूगवड्या, आणि मधोमध कुरडया. उलटायचं काम तिने कुणाला दिलं नव्हतं. बाहेर सत्तेचाळीस अंश, पायाखाली सत्तर. जाड चप्पल घालूनही तळवे भाजायचे. अंगातून घामाच्या धारा लागायच्या.

त्या दिवशी बाळाची अंघोळ शकुनबाई घालणार होती. वनिताला तिथे थांबायचं होतं, पण आभाळाच्या एका कोपऱ्यात ढगाचं एक बोट दिसलं होतं आणि पापड उचलायला हवे होते. म्हणून ती वर आली होती, थोडी चिडलेली. वाकून तिने एक कुरडई उलटली, दुसरी उलटली.

मग वास आला. ओवा, बाळंतशेपा, निखाऱ्यावरची धुरी. गल्लीच्या मध्यावरून निघून तो वाऱ्याबरोबर थेट तिच्यापर्यंत चालत आला होता. त्यामागून तेलाचा, ओल्या दुपट्याचा, नुकत्या न्हालेल्या बाळाचा. आणि त्यामागून एक बारीकसा रडण्याचा आवाज, इतका जवळचा की तिने मागे वळून पाहिलं.

मग तिला उमगलं. गल्लीतला सगळा वारा शेवटी इथेच येतो. त्रेचाळीस घरांतून फिरून, प्रत्येक दारातून काही ना काही घेऊन, या छताकडे येतो आणि इथून वर जातो. थोड्या वेळाने हा वास, हा आवाज त्या वाटेने आभाळात जाणार होता.

अंघोळ झाली, वनिता मनाशी म्हणाली. आता दुपट्यात गुंडाळून घेतील. आता झोपेल.

ती भर उन्हात डोळे मिटून उभी राहिली. बाळ रडायचं थांबल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा कुरडया उलटायला वाकली.